कोलशेत ते उरण, तेलाच्या मागावर

कापूरबावडीचा उड्डाणपूल मागे पडला की टीएमटीची बस कोलशेत रस्त्याला लागते आणि खिडकीतून नुसते टॉवर दिसायला लागतात. काही राहते झालेले, काही अजून हिरव्या जाळीत. ढोकाळीच्या आसपास मधेच ‘सॅन्डोज बाग’ अशी पाटी येते आणि जुनं ठाणं आठवतं. या रस्त्यावर सॅन्डोज होती, बायर होती. रंग, रसायनं, शेतीची औषधं असा कारभार होता आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर इथल्या घरांची घड्याळं चालायची. सॅन्डोजच्या रसायन विभागाचं १९९५ मध्ये क्लॅरियंट झालं, पुढे क्लॅरियंटनंही जागा विकली आणि आता तिथे भलंमोठं गृहसंकुल उभं आहे. त्याच्या जाहिरातीत खाडीचा उल्लेख असतो तो ‘व्ह्यू’ म्हणून.

व्ह्यूच्या पायथ्याशी गाव आहे. मुख्य रस्ता सोडून खाडीच्या दिशेनं चालायला लागलं की गल्ल्या अरुंद होतात, दारातली तुळशीवृंदावनं रस्त्याला टेकतात, ओट्यावर थर्माकोलचे खोके आणि निळ्या नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग दिसतात. आगरी-कोळ्यांची वस्ती. रस्ता संपतो तिथे घाट, विसर्जनाचा. पलीकडे पाणी आणि पाण्यापलीकडे काल्हेर, कशेळी, म्हणजे भिवंडीची गोदामं.

इथलं पाणी नेमकं कुठलं, हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. बोरघाटाच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत येते आणि पुढे तिची खाडी होते. ठाण्यापाशी तिला फाटा फुटतो. एक अरुंद वाट कळव्यावरून दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत उतरते, ती पुढे ऐरोली, वाशी करत मुंबई बंदराला मिळते. मुख्य प्रवाह मात्र पश्चिमेला वळतो आणि कोलशेत, घोडबंदर करत वसईला समुद्र गाठतो. कोलशेतला भरती येते ती प्रामुख्यानं वसईकडून, आणि ओहोटीला जे वाहून येतं ते कल्याणकडून. मधल्यामध्ये कोलशेत. दिवसातून दोनदा तेच पाणी खाली जातं, दोनदा वर येतं. एकदा पाण्यात पडलेली वस्तू इथून लवकर निघून जात नाही.

मी निघालो होतो तेलगळतीनं किनाऱ्यावरच्या माणसांचं पुढे काय होतं ते बघायला. मुंबईच्या आसपासची सर्वांत गाजलेली गळती म्हणजे ७ ऑगस्ट २०१० ची. त्या तेलानं गाजलेली नावं घारापुरी, उरण, शिवडी, वाशी, अलिबाग अशी आहेत. कोलशेत त्यात नाही. तरीही सुरुवात इथून केली, कारण गळतीविना तेलकट झालेली खाडी आधी पाहिली तर गळतीच्या गावांत काय पाहायचं ते समजेल, असं वाटलं होतं.

घाटावर एक वयस्कर काका जाळं उसवत बसले होते. जाळं दुरुस्त करायचं तर आधी फाटका भाग उसवावा लागतो, तेवढंच काम चाललं होतं. खाडीत काय मिळतं विचारल्यावर त्यांनी आधी जुनी यादी सांगितली: जिताडा, बोय, कोळंबी, शिंगाळा, चिंबोरी, निवटी. मग आताची. ती लवकर संपली. बोय आणि निवटी मिळतात, चिंबोरी नशिबानं. “जिताडा कधी आलाच तर गावात बातमी होते,” म्हणाले. रेतीचे सक्शन पंप, वरून येणारं रसायनाचं पाणी, शहराचं सांडपाणी, प्लास्टिक, सगळ्याचा वाटा त्यांनी एकेका वाक्यात वाटून दिला. रागावले नाहीत. हे सगळं ते याआधी अनेकांना सांगून चुकले असणार.

“मासळीला घासलेटाचा वास येतो,” ही तक्रार मात्र त्यांनी आवाज खाली आणून केली. गिऱ्हाईक ऐकेल अशी भीती असल्यासारखी. हा वास काल्पनिक नाही. तेलातले काही घटक मासळीच्या चरबीत साठतात आणि शिजवताना बाहेर पडतात. मासा स्वच्छ पाण्यात गेला तर काही आठवड्यांत तो वास कमी होतो. शिंपल्या-कालवांना जास्त वेळ लागतो, कारण ती जागा सोडत नाहीत आणि पाणी गाळूनच जगतात. खाडीतला मासा स्वच्छ पाण्यात जाणार कुठे, हा प्रश्न वेगळा.

ओहोटी लागली तसा घाटाच्या बाजूचा चिखल उघडा पडला. काका म्हणाले, बघायचंय तर बघा, आणि एक बांबू घेऊन काठावर उतरले. चिखलात हातभर बांबू रोवला, गोल फिरवला आणि काढला. भोकात हळूहळू काळसर पाणी भरलं, वर सप्तरंगी पापुद्रा आला. मी लगेच ‘तेल’ म्हणालो. त्यांनी एक काडी त्या पापुद्र्यात फिरवली. पापुद्रा तडकला, त्याचे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि ते तसेच तरंगत राहिले. “हा चिखलाचाच,” ते म्हणाले. “तेलाचा फुटत नाही.” मग बांधून ठेवलेल्या एका जुन्या यांत्रिक होडीच्या बाजूला जाऊन त्यांनी तसंच दुसरं भोक पाडलं. तिथला पापुद्रा काडीनं बाजूला सरला आणि काडी उचलताच परत जुळून आला, रंगांची वलयं फिरत राहिली.

पुढे हीच परीक्षा मी प्रशिक्षण-पुस्तिकांतही पाहिली. लोहजीवाणू साचलेल्या पाण्यावर जी साय धरतात ती ठिसूळ असते, हलवली की तुकडे होतात. खनिज तेलाचा तवंग पुन्हा सलग होतो. काकांनी ती पुस्तिका वाचली असण्याचा संभव नाही.

दुसऱ्या भोकातलं तेल कुठून आलं? होडीच्या इंजिनातून, रेती काढणाऱ्या बार्जमधून, भिवंडीच्या एखाद्या गॅरेजच्या गटारातून, किंवा कुठल्याही नाल्यातून. त्याला तारीख नाही. वरच्या अंगाला काय काय घडतं याची थोडी कल्पना वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांनाच आहे. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात एका टँकरनं रात्रीच्या अंधारात वालधुनीत रसायन सोडलं, वायू झाला आणि कित्येक रहिवाशांना रुग्णालयात न्यावं लागलं. वालधुनी कल्याणला उल्हासला मिळते आणि उल्हास कोलशेतला येते. उल्हासनगरात गुन्हा नोंदला गेला, बातम्या आल्या. तेच पाणी खाली आल्यावर त्याचं काय झालं, याची नोंद कुठल्या घाटावर कोण करणार?

२०१० चं विचारल्यावर काकांना वर्ष आठवलं नाही, पण “गटारीच्या तोंडावर झालं ते” हे पक्कं आठवलं. आठवण बरोबर आहे. ७ ऑगस्टला शनिवार होता आणि आषाढी अमावास्या मंगळवारी, १० तारखेला. म्हणजे गटारीचा रविवार दुसऱ्याच दिवशी. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, बाजारात समुद्राची मासळी कमी असते, म्हणून बिगरयांत्रिक होडीवाल्या खाडीकरांना वर्षातला सर्वांत चांगला भाव याच दिवसांत मिळतो. त्या वर्षी तपासणी होईपर्यंत मासळी खाऊ नका असा सरकारी सल्ला आला आणि तोही याच आठवड्यात. तेल कुलाब्याबाहेर सांडलं होतं, पण ठाण्याच्या मंडईत गिऱ्हाईक पाटीवरचा मासा उचलून नाकाशी नेत होतं. हा मासा वसईच्या अंगाचा आहे, बंदराचा नाही, हे मासळीवाल्या मावशांनी कुणाकुणाला समजावायचं? पुढे श्रावण लागला, तो तसाही मंदीचा. नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती.

ज्यांच्या पाण्यात तेल आलंच नाही त्यांचं हे नुकसान कुठल्याही पंचनाम्यात बसत नाही.

कोलशेतहून होडीनं खाली जावं असं मनात होतं. २०१६ च्या कायद्यानं कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरलेला आहे आणि कोलशेतची जेट्टी त्या आराखड्यात आहे. पण आराखड्यात बसून वाशीला जाता येत नाही. मी परत ठाणे स्टेशन गाठलं आणि ट्रान्स हार्बरची वाशी लोकल धरली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. एका बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि त्यांची जागा घेणाऱ्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला, इमारतींच्या फटीतून, खारफुटीची गडद रेघ. ठाण्याच्या याच खाडीचा पश्चिम काठ २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगोंना मैल्याच्या पाण्यावर वाढणारं शेवाळ आवडतं, त्यामुळे पक्ष्यांची गर्दी म्हणजे खाडीची तब्येत चांगली, असं समजण्यात फारसा अर्थ नाही.

वाशीला सागर विहारच्या कठड्यावर उभं राहिलं की खारफुटी अगदी हाताशी येते. बहुतेक सगळं तिवर. खाली चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं हजारोंनी वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड ही मुळं वर काढतं आणि त्यांवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. २०१० मध्ये तेल इथवर आलं ते या मुळांवर बसलं.

झालं होतं असं. एमएससी चित्रा हे पनामाचा झेंडा लावलेलं कंटेनर जहाज जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडत होतं आणि एमव्ही खलिजिया-३ मुंबई बंदराकडे येत होतं. सकाळी दोघांची टक्कर झाली. चित्रावर १,२१९ कंटेनर होते आणि टाक्यांत २,६६२ टन इंधन तेल. जहाज कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. सुमारे ८०० टन तेल सांडलं. दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. रायगडच्या किनाऱ्यावर बिस्किटांचे पुडे वाहून आले आणि ते खाऊ नका म्हणून दवंडी पिटावी लागली; त्या प्रसंगातली तेवढीच गोष्ट लोक हसत सांगतात.

टक्कर अमावास्येच्या तीन दिवस आधी झाली, याकडे मी कोलशेतच्या काकांमुळे वळलो. अमावास्येला उधाण. त्या आठवड्यातल्या भरत्या महिन्यातल्या सर्वांत मोठ्या, वरून नैऋत्येचा वारा. एरवी खारफुटीच्या कडेशी थांबलं असतं ते तेल उधाणाच्या पाण्यावर बसून आत, अगदी वरच्या रांगेपर्यंत गेलं आणि ओहोटीला पाणी उतरलं तसं खोडांवर, मुळांवर, चिखलावर बसून राहिलं. वरच्या रांगेला पुन्हा पाणी लागतं ते पुढच्या उधाणाला, पंधरा दिवसांनी. शिवाय तिवराच्या बिया गळतात त्या पावसाळ्यातच. म्हणजे मोठी झाडं तगली तरी त्या वर्षीची रोपं तेलातच रुजायची होती.

समुद्रावर पसरलेलं तेल वेचता येतं, त्यावर हेलिकॉप्टरनं फवारणी करता येते. तटरक्षक दलानं ते केलं. वाळूवरचं तेल फावड्यानं भरता येतं. चिखलातल्या खारफुटीत मात्र माणसं आणि यंत्रं उतरवली तर ती तेल पायाखाली आणखी खोल दाबतात. म्हणून बरेचदा शहाणपणा हाच असतो की काही करू नये. पाहणाऱ्याला ही सरकारी अनास्था वाटते. काही वेळा असतेही.

इंधन तेलातला हलका भाग एक-दोन दिवसांत उडून जातो, वास ओसरतो आणि वार्ताहर परततात. उरलेला जड भाग पाण्याशी घुसळून तपकिरी लगदा होतो, गाळाचे कण धरून खाली बसतो. खेकड्यांच्या बिळांतून तो चिखलात फूटभर आतही जातो. तिथे प्राणवायू नाही, म्हणजे तेल खाणारे जीवाणू मंदावतात. उन्हात जे काही महिन्यांत संपलं असतं ते चिखलात वर्षानुवर्षं टिकतं.

किती वर्षं, याचं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फाल्मथ या खाडीकाठच्या गावातून मिळालं आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये ‘फ्लोरिडा’ नावाचा बार्ज तिथे खडकावर चढला आणि सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल सांडलं. चित्राच्या गळतीपेक्षा हे थोडं कमीच. पण शेजारीच वुड्स होल ही सागरविज्ञान संस्था होती, त्यामुळे त्या दलदलीवर शास्त्रज्ञांची नजर राहिली. तीस वर्षं उलटून गेल्यावरही चिखलात काही सेंटिमीटर खाली तेल शिल्लक होतं. तिथले एक नांगी मोठी असलेले खेकडे, आपल्याकडच्या चिखलातही त्यांचे भाऊबंद आहेत, सरळ खाली बीळ खणत खणत तेलाच्या थरापाशी आले की थांबत किंवा बीळ आडवं वळवत. वरून गवत हिरवंगार होतं. तेल अजून आहे हे माहीत होतं ते खेकड्यांना.

ठाण्याच्या खाडीत इतक्या सलगतेनं कुणी एकाच जागी चिखल उकरत बसलेलं नाही. त्यातून इथे आधीच कारखान्यांचं, गटारांचं, गोदीचं तेल मिसळलेलं. वाशी गावच्या कोळीवाड्यात चित्राचा विषय काढला तर पहिलं उत्तर येतं, “ते होय? ते तर गेलं.” आणि मग थोड्या वेळानं त्याच माणसाच्या बोलण्यात येतं की त्या सालानंतर अमुक कोपऱ्यात निवटी पूर्वीसारखी लागली नाही. हे चित्रामुळे की आणखी कशामुळे, हे त्याला सांगता येत नाही, न्यायालयाला तर त्याहून नाही.

तेलाची ओळख पटवताच येत नाही, असं मात्र नाही. पावसाळ्यात जुहूपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यांवर काळे डांबरगोळे येतात, चपलेला चिकटतात, आणि दर वर्षी तेच फोटो छापून येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासून ते कुठल्या तेलक्षेत्राचे, की जाणाऱ्या टँकरनं टाक्या धुऊन टाकलेल्या पाण्याचे, हे शोधण्याचं काम केलं आहे. प्रत्येक तेलक्षेत्रातल्या तेलात काही रेणू असे असतात जे वर्षानुवर्षं उन्हापाण्यात राहूनही फारसे बदलत नाहीत. त्यांच्या प्रमाणावरून माग काढता येतो. कोलशेतच्या त्या दुसऱ्या भोकातल्या तेलाचाही काढता येईल. पण ती तपासणी महाग, आणि ती मागायला आधी कुणीतरी तक्रारदार लागतो.

वाशीहून नेरूळ, नेरूळहून उरण. ही गाडी १२ जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशीचं, त्यामुळे उरणकरांना त्या दिवसाचं कौतुक आहे आणि धाकही. गव्हाणच्या पुढे रुळाच्या दोन्ही अंगांना मिठागरं, भराव, कंटेनरचे ढीग आणि मधे मधे पाण्याची डबकी. स्टेशनचं नाव न्हावा-शेवा. ज्या शेवा कोळीवाड्याचं नाव स्टेशनाला आणि बंदराला मिळालं, तो तिथे नाही. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरासाठी तो उठवला आणि उरण शहराजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला. ती नवी जागा वाळवीची निघाली. दारं, चौकटी, वासे, कपाटं. मी गेलो त्या घरात देव्हाऱ्याचा लाकडी चौरंग टाकून देऊन फरशीचा केला होता. घरमालकिणीनं बोटानं चौकट दाबली, बोट आत गेलं. दुसऱ्यांदा पुनर्वसन करा, ही त्या गावाची मागणी आता नातवंडांच्या पिढीत आली आहे.

तेलाच्या गोष्टीत वाळवी कशाला, असं वाटेल. पण उरणमध्ये तेल वेगळं काढून सांगताच येत नाही. नागावजवळ पिरवाडीच्या किनाऱ्यावर गेलात तर एका हाताला समुद्र आणि थोड्या अंतरावर ओएनजीसीच्या प्रकल्पाच्या टाक्या दिसतात. बॉम्बे हायचं तेल समुद्राखालच्या नळीतून इथे येतं. १७ मे १९९३ ला ती नळी समुद्रात फुटली होती आणि हजारो टन तेल सांडलं होतं, त्याचा रोख मुरूडच्या बाजूला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये पिरवाडीच्या किनाऱ्यावर तेल आलं. या दोन्हींच्या आधी चित्रा आहे, ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईबाहेर बुडालेलं रॅक कॅरियर हे जहाज आहे. त्यावर ६०,०५४ टन कोळसा होता, २९० टन इंधन तेल होतं. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादानं जहाजाच्या कंपनीला १०० कोटींची आणि कोळसा मागवणाऱ्या कंपनीला ५ कोटींची भरपाई भरायला सांगितलं. दावा मुंबईतले पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता यांनी केला होता. हा आदेश देशात महत्त्वाचा मानला जातो, आणि तो आहेच. पण तो पर्यावरणाच्या हानीचा आहे. कोळीवाड्यात त्याबद्दल विचारलं तेव्हा एकानं प्रांजळपणे विचारलं, “त्यातलं आमच्याकडं काय आलं?”

उरणच्या मच्छीमारांना स्वतःच्या नावानं मिळालेला मोठा आदेश तेलाचा नव्हे, भरावाचा आहे. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाच्या पुणे खंडपीठानं १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यायला सांगितले. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून. बंदराच्या विस्तारासाठी खारफुटी तोडली, खाडीचे प्रवाह अडवले, त्यामुळे परंपरागत मासेमारी गेली, हे लवादानं मान्य केलं. भागाकार केला तर घरटी ५ लाख ८४ हजार येतात. आकडा मोठा वाटतो. एका पिढीच्या धंद्याला वाटून पाहिला की लहान होतो.

भरपाईची वाट बघणं हाही गळतीचा एक परिणाम आहे, आणि तो चिखलातल्या तेलाइतकाच टिकाऊ. अलास्कात २४ मार्च १९८९ ला एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं. कॉर्डोव्हा नावाचं मासेमारीवर जगणारं गाव तिथे आहे. १९९३ मध्ये त्यांची हेरिंगची मासळी कोसळली. ज्युरीनं १९९४ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. अपिलं होत होत २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ५० कोटी डॉलरच्या आसपास आणला. तोवर दावेदारांतले कित्येक जण वारले होते. तिथे वर्षानुवर्षं फिरलेल्या समाजशास्त्रज्ञांना आढळलं की लोकांना गळतीइतकंच खटल्यानंही पोखरलं: दारू, मोडलेली लग्नं, शेजाऱ्यांत अबोला. ज्यानं साफसफाईच्या कामाला होडी भाड्यानं दिली आणि पैसे कमावले, त्याच्याशी ज्यानं दिली नाही तो बोलेनासा झाला. उरणमध्ये मी हे सांगितलं तर कुणालाच नवल वाटलं नाही. यादीत कुणाचं नाव आलं, कुणाचं राहिलं, कोण खरा मच्छीमार आणि कोण फक्त कागदावरचा, यावरून इथेही भावकीत भिंती आहेत.

यादीत नाव येण्यासाठी काय लागतं, हे मला एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या ओट्यावर कळलं. होडीचा नोंदणी क्रमांक, मासेमारी परवाना, संस्थेचं सभासदत्व, डिझेल परताव्याच्या नोंदी. यांत्रिक होडी असेल तर हे सगळं निघतं. बिगरयांत्रिक असेल तर थोडं अडतं. आणि चालत जाऊन चिखलातून निवटी काढणाऱ्या, दगडावरची कालवं फोडणाऱ्या, शिवल्या वेचणाऱ्या बायकांकडे यातलं काहीच नसतं. तेल आलं की पहिला फटका त्यांना, कारण तेल बसतं ते नेमकं त्यांच्या जागेवर, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात. होडी चार मैल पुढे जाऊन जाळं टाकू शकते. गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई जाऊन जाऊन कुठे जाणार?

ओट्यावर अशीच एक मावशी सुनेला घेऊन आली होती. हातांवर कालवांच्या शिंपल्यांनी कापल्याच्या पांढऱ्या रेघा. कुठल्या तरी नुकसानीचा अर्ज भरायचा होता. सुनेनं नाव, गाव, आधार क्रमांक लिहिले आणि होडी क्रमांकाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

“भाऊ, इथं काय लिहू?”

सचिवांनी अर्ज उलटापालटा केला. ‘लागू नाही’ लिहिलं तर वर बाद करतात, म्हणाले. रिकामं सोडलं तर अपुरा अर्ज म्हणून परत येतो. मागच्या वेळी काहींनी नवऱ्याच्या होडीचा क्रमांक टाकला होता, तेव्हा एकाच होडीवर दोन दावे म्हणून दोन्ही अडले.

“माझ्या नवऱ्याला होडीच नव्हती कधी,” मावशी म्हणाली. “तो बंदरात कंत्राटावर होता.”

मग तहसीलला फोन लावायचं ठरलं. पलीकडच्यानं सांगितलं, सध्या अर्ज घेऊन ठेवा, साहेब दौऱ्यावर आहेत. सुनेनं पेनाला टोपण लावलं, आणि दोघी सचिवांना विचारू लागल्या की निवटी विकल्याचा बाजाराचा एखादा पुरावा चालेल का, आणि चालत असेल तर तो द्यायचा कुणी, कारण मंडईत पावती कोण फाडतं?